पायानं दाबायचं मशीन

लग्न होऊन आल्यापासून छबुबाईनं युसूफ वडगावचा हिवाळा बघितला नव्हता.

पावसाळा बघितला होता, आला तेव्हाचा आणि न आला तेव्हाचाही. उन्हाळा तर पुरेपूर बघितला होता. पण दसरा झाला की मुकादमाचा ट्रक वेशीपाशी लागायचा, घराला कुलूप बसायचं आणि ते कुलूप निघायचं पाडव्याच्या सुमाराला. मधले महिने कुठल्यातरी नदीकाठी, उसाच्या फडात, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, जायचे. तिथली थंडी तिला ठाऊक होती. पहाटे उसाच्या पानांवरचं दव कोपरापर्यंत भिजवायचं आणि बोटं कोयत्याभोवती वळायला तयार नसायची. पण ती दुसऱ्याच्या मुलखातली थंडी होती. आपल्या गावातल्या हिवाळ्याबद्दल म्हाताऱ्या बायका बोलायला लागल्या की ती गप्प बसून ऐकायची, परगावच्या नातेवाइकांच्या घरातली गोष्ट ऐकावी तशी.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. धोंडीराम आणि छबुबाई हा एक कोयता होता, आणि इतकी वर्षं होता की गावात त्यांना कुणी वेगळं मोजत नसे. लेकरं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली तरी कोयता चालूच राहिला. अलीकडे मात्र छबुबाईच्या उजव्या मनगटात कळ यायला लागली होती. तोडणीच्या वेळी ती डाव्या हातानं उजवा हात धरून थोडी थांबायची आणि कुणी बघतंय असं वाटलं की पुन्हा वाकायची.

त्या साली पाऊस पेरणीपुरता आला आणि पुढं आलाच नाही. पोळ्यालाच गावात टँकर सुरू झाला. विहिरींचे तळ उघडे पडले, त्यात कधीकाळी हरवलेल्या बादल्या आणि घागरी दिसायला लागल्या. गावात पाणी लागत नाही असा एकच धंदा उरला होता, वाळवण्याचा, भाजण्याचा आणि कुटण्याचा. तो बायकांच्या सहकारी संस्थेनं आदल्या वर्षीच धरला होता. कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी. ग्रामपंचायतीच्या जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी होती, कुटायचा डंख होता, वजनकाटा होता. छबुबाईकडे पाकिटं भरायचं आणि बंद करायचं काम होतं, कारण तिचा हात स्वच्छ होता आणि ती कामात बोलत नसे.

पुण्यातल्या एका दुकानदारानं चटणी चाखून सांगितलं होतं की माल नीट पोचला तर संक्रांतीच्या पुढंपर्यंत तो घेत राहील. म्हणजे शेड हिवाळाभर चालणार होतं. ही बातमी संस्थेच्या सगळ्या बायकांनी ऐकली, पण छबुबाईनं ती घरी नेली, चुलीपुढं बसून मनात पुन्हापुन्हा उलगडली, आणि कुणाला न सांगता ठरवून टाकलं. यंदा आपण जायचं नाही. एक हिवाळा घरी काढायचा.

माल मात्र नीट पोचला नाही.

सुरुवातीला पिशव्या मेणबत्तीवर बंद केल्या जायच्या. पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडून धरायचं आणि कडेनं ज्योत फिरवायची. गावातल्या दुकानाला ते चालत होतं. पुण्याला जायचं म्हणून जाड पाकिटं आणली, आतून चांदीसारखी. ती मेणबत्तीला दाद देईनात, म्हणून हातानं दाबायचं एक जुनं मशीन कुणाच्या तरी ओळखीनं आलं. त्यावर बंद करून पाठवलेलं पहिलंच खोकं परत आलं. उघडलं तेव्हा निम्म्या पाकिटांची तोंडं उकललेली होती, आणि तळाशी कारळ, जवस, शेंगदाणा यांचा एकच काला झाला होता. दुकानदारानं फोनवर शब्द वाईट वापरले नाहीत. अजून एक खोकं पाठवा, एवढंच म्हणाला. ते असंच आलं तर मग राहू द्या.

बैठक भरली. संस्थेच्या अध्यक्ष गीताबाई, गावचे बागायतदार आणि पुढारी अर्जुनराव यांच्या घरच्या. बाया त्यांना वहिनीसाहेब म्हणत. त्यांनी मोबाइलवर एका मशीनचं चित्र सगळ्यांना दाखवलं. टेबलाएवढं लांब, दोन पट्टे एकमेकांना चिकटून फिरणारे, पाकीट एका बाजूनं घालायचं आणि दुसऱ्या बाजूनं बंद होऊन बाहेर.

"हे घेऊ," वहिनीसाहेब म्हणाल्या. "मशीनच्या उद्घाटनाला चार माणसं येतील. त्यांच्यापुढं फीत कापायला काहीतरी दिसायला पाहिजे."

"त्याला वीज किती वेळ लागंल?" छबुबाईनं विचारलं. ती बैठकीत कधी बोलत नसे, म्हणून सगळ्या वळून बघायला लागल्या. ती पदर सारखा करत म्हणाली, "न्हाई, आपल्याकडं येती कमी आन् जाती जास्त, म्हणून इचारलं."

वहिनीसाहेब मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी थोडा विचार केला. "मग असं करा. केजला नबीचं दुकान आहे, तिथं जाऊन बघून या. तू आणि मुक्ताबाई. बंद तूच करतेस, तर तूच बघ."

नबी हा केजच्या बाजारात मोटारी, मिक्सर, पिठाच्या गिरण्या असं फिरणारं सगळं दुरुस्त करणारा माणूस. अलीकडे त्यानं पाकिटं बंद करायची मशीनं ठेवायला सुरुवात केली होती. दोघी गेल्या तेव्हा तो एका मोटारीची तार गुंडाळत होता. हातातलं काम न सोडता त्यानं विचारलं, "काय भरता, मावशी?"

"चटणी."

"कोरडी का तेलकट?"

"कारळाची हाय, शेंगदाण्याची हाय. तेल सुटतंच."

"आन् पाकीट?"

मुक्ताबाईनं पिशवीतून एक काढून दिलं. मुक्ताबाई छबुबाईहून वयानं थोडी मोठी, अंगानं बरीच मोठी, आणि जिभेला हाड नसलेली. नबीनं पाकीट दोन बोटांत चोळून बघितलं, कापडाचा पोत बघावा तसं.

"जाड हाय. बारीक तारेचं काम न्हाई हे. रुंद पट्टी पायजे, न्हाईतर वरून चिकटल्यासारखं दिसंल आन् आतून सुटंल." त्यानं मोटार खाली ठेवली. "या, दाखवतो. तीन तऱ्हा हायेत. बघून घ्या, मग बोला."

पहिलं हातानं दाबायचं, टेबलावर ठेवायचं. पाकीट आडवं ठेवून वरचा दांडा खाली ओढायचा. छबुबाईनं तो ओढला, आणि मनगटातून कळ खांद्यापर्यंत गेली. दांडा पुरता दाबला गेला नव्हता हे नबीला दिसलं. दुसरं ते वहिनीसाहेबांच्या चित्रातलं, पट्ट्यांचं. नबीनं ते चालू केलं आणि सांगितलं की हे तापायला वेळ घेतं, आणि एकदा तापलं की काम असो नसो, तापलेलंच ठेवावं लागतं. मधेच लाईट गेली तर आत अडकलेलं पाकीट जळून पट्ट्याला चिकटतं.

"तुमच्याकडं लाईट कशी हाय?"

"पाव्हण्यासारखी," मुक्ताबाई म्हणाली. "चा घेती आन् जाती."

तिसरं पायाचं होतं. कंबरेएवढा लोखंडी घोडा, वर दोन ओठ, खाली पायटा. पाय दाबला की ओठ मिटतात, तारेची रुंद पट्टी क्षणभर तापते, पाय उचलला की उघडतात. पाकीट उभंच धरायचं, त्यामुळं आतला माल तोंडाकडं येत नाही. दोन्ही हात मोकळे राहतात, पाकिटाची सुरकुती काढायला. बाजूला एक चकती होती, तार किती वेळ तापायची ते ठरवणारी. नबीनं ती फिरवून दाखवली. कमी ठेवली तर तोंड उकलतं, जास्त ठेवली तर वितळून भोक पडतं. पाकिटाप्रमाणं एकदा जमवून घ्यायचं.

छबुबाईनं पायट्यावर पाय ठेवला. सगळं आयुष्य ढेकळांतून आणि उसाच्या बुडख्यांतून चाललेला पाय. त्याला हे काम म्हणजे विसावा वाटला. तिनं पुन्हा दाबला, पुन्हा सोडला.

नबीनं त्यांनी आणलेली चटणी एका पाकिटात भरली, तोंड मिटवलं आणि मुक्ताबाईच्या हातात दिलं. मुक्ताबाईनं ते उलटंपालटं केलं, ओढून बघितलं, मग खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर सावकाश बसली. नबीनं नजर रस्त्याकडं वळवली. मुक्ताबाई उठली तेव्हा पाकीट चपटं झालं होतं, पण तोंड घट्ट होतं.

"हे चालंल," ती म्हणाली.

"तुमी बसल्यावर टिकलं म्हणजे पुण्याला जाऊन येतंय," नबी रस्त्याकडं बघत म्हणाला.

"तुज्या बायकूला सांगू का, गिऱ्हाइकाला काय बोलतूस ते?"

"सांगा की. तिलाबी हेच वाटतंय, म्हणंल." मग छबुबाईकडं वळून तो म्हणाला, "घेऊन जा. दसऱ्यापर्यंत चालवा. पटलं तर ठेवा, न्हाई तर मी येऊन उचलून आणतो."

घोडा जीपच्या टपावर बांधून वडगावला आला. वहिनीसाहेब बघायला आल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "ह्याच्यापुढं फीत कापायची? हे तर शिंप्याच्या मशीनसारखं दिसतंय."

पुढचे काही दिवस छबुबाई त्या मशीनपाशी उभी राहिली. चकती कुठं ठेवायची ते तिनं शोधून काढलं. पाकिटं बंद होत होती, ओळ सरळ येत होती, हात लावला की घट्ट लागत होती. मग खोक्यात भरून ठेवलेली पाकिटं दुसऱ्या सकाळी उघडून बघितली, आणि काहींच्या तोंडाशी तेलाचे डाग आलेले. ओढलं की ओळ निम्म्यातून सुटत होती.

तिनं चकती वाढवली. पाकिटं जळायला लागली. कमी केली, पुन्हा सुटायला लागली. तिनं पाय जास्त वेळ धरून बघितला, दुहेरी ओळ घालून बघितली. एखादं राहायचं, एखादं जायचं. कुठलं राहणार आणि कुठलं जाणार, याचा काही नेम लागेना.

"मी आधीच म्हणत होते," वहिनीसाहेब म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "मोठं मागवते. दसऱ्यानंतर येईल. तोवर पुण्याचं खोकं थांबू दे."

दसऱ्यानंतर म्हणजे ट्रक निघाल्यावर. छबुबाई मान खाली घालून परात पुसत राहिली.

त्याच दिवशी बंकट मुकादम घरी आला. चांगला माणूस होता, पण हिशेबाचा. टोळीत किती कोयते ते त्याला कारखान्याला आधी कळवावं लागे. ओसरीवर बसून त्यानं धोंडीरामला विचारलं, "काय बे, यंदा पुरा का अर्धा? बायकात कुजबुज हाय, तुजी बायकू मशीन चालवाया लागली म्हणं."

धोंडीरामनं आत बघितलं. छबुबाई दारामागं उभी होती, दोघांनाही ते माहीत होतं. "दसऱ्याला सांगतो," तो म्हणाला.

"दसऱ्याला ट्रक असतोय. तवा सांगून मी काय करू?"

"अर्धा म्हणला तर कोपीबी अर्धीच देतेत का?"

"अर्ध्याला कोपी लागत न्हाई. तो दुसऱ्याच्या कोपीत उपऱ्यावानी ऱ्हातो. तुला म्हाईत हाय की."

मुकादम गेल्यावर धोंडीराम दारापाशी आला. मग म्हणाला, "तुजं मशीन नीट चालतंय का न्हाई ते सांग. मला तेवढंच पायजे."

"न्हाई चालत," छबुबाई म्हणाली.

तिनं मुक्ताबाईकडून नबीला फोन लावून घेतला. तो मोटारसायकलवर आला, दाराशी चपला काढून शेडमध्ये शिरला, मशीनच्या ओठांवरची पट्टी काढून बघितली, तार बघितली, वायर बघितली. मग स्वतः एक पाकीट भरून बंद केलं आणि दोन्ही हातांनी ओढलं. सुटलं नाही. अजून एक केलं. तेही सुटलं नाही.

"मशीन बरं हाय, मावशी."

"मग माज्या हातात काय रोग हाय?" छबुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तो खालच्या खाली गेला होता, म्हणून नबीनं तिच्याकडं नीट बघितलं.

"तुमी करा. रोज करता तसंच. मी इथं बसतो."

मुक्ताबाईनं काट्यावर पाकीट ठेवून वजन बरोबर केलं आणि छबुबाईकडं सरकवलं. छबुबाईनं पाकीट घेतलं, उभं धरलं, तळव्यानं थोपटून माल खाली बसवला. मग तिचा उजवा हात परातीकडं गेला, परातीतून चिमटीपेक्षा मोठी आणि ओंजळीपेक्षा लहान अशी एक मूठ घेऊन आला, पाकिटाच्या तोंडात ती मूठ सोडली, अंगठ्यानं दाबली आणि पाय पायट्यावर गेला.

"थांबा," नबी म्हणाला. "ही काय टाकली?"

"काय टाकली?"

"वरून. आत्ता."

"काही न्हाई टाकलं."

"मावशी, मी बघत होतो."

छबुबाईनं मुक्ताबाईकडं बघितलं. मुक्ताबाईनं खांदे उडवले. "तिनं न्हाई टाकलं काही. वजन मी केलं." शेडमधल्या बाकीच्या बायाही तेच म्हणाल्या. नबीनं वाद घातला नाही. तो म्हणाला, अजून एक करा. छबुबाईनं पाकीट घेतलं, थोपटलं, आणि या खेपेला हात परातीकडं निघालेला तिला स्वतःलाच दिसला. तो परातीवर जाऊन थांबला. मूठ भरलेली होती. ती मूठ ती बघत राहिली, दुसऱ्या कुणाची असावी तशी.

या मुलखात माप कुणी वरून पुसून सपाट करून देत नाही. पायली असो, शेर असो, वर ढिगाची शीग राहिली पाहिजे, आणि शीग लागल्यावरही एक मूठ वरून. घेणाऱ्यानं नको म्हणायचं, देणाऱ्यानं घ्या म्हणायचं, असं ते चालत आलेलं. दुष्काळात तर ही मूठ जास्तच आवरत नाही, कारण या साली देणाऱ्याचा हात आखडला असं कुणी म्हणू नये ही भीती मनात असते. छबुबाई त्या मुठीचा विचार करत नव्हती. विचार करून घातलेली मूठ थांबवता येते.

"तोंडाशी चार बोटं रिकामी पायजेत," नबी म्हणाला. "आन् कोरडी. मूठ टाकली की तेलाची भुकटी कडेला लागती. मशीन प्लास्टिकला प्लास्टिक जोडतं. मधी चटणी आली तर ते चटणीलाच चिकटणार. मोठं मशीन आणा न्हाईतर अजून कुठलं, हेच हुणार."

"वजनाच्या वर टाकती व्हय तू?" मुक्ताबाई हसायला लागली. "आन् मला म्हणती काटा नीट धर."

"तू करून बघ."

मुक्ताबाईनं पाकीट घेतलं, थोपटलं, आणि तिचाही हात परातीकडं गेला. मग सगळ्यांनी करून बघितलं. शेडमध्ये एक बाई अशी निघाली नाही की जिचा हात परातीकडं गेला नाही.

वहिनीसाहेबांना बोलावणं गेलं. त्या आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि शिकलेल्या बाईनं म्हणावं तसं म्हणाल्या, "एवढंच ना? वजन झालं की लगेच बंद करायचं. आणा इकडं." त्यांनी पाकीट घेतलं, बांगड्या मागं सारल्या, माल खाली बसवला आणि परातीतली मूठ भरून पाकिटात टाकली. कुणी हसलं नाही. त्यांनीच थोड्या वेळानं हात बघितला आणि त्यांना हसू आलं. ते थांबेना. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "माझी आईसुद्धा असंच करायची." आणि मग, "मोठं मशीन राहू दे. हेच ठेवा."

"फितीचं काय करायचं, वैनीसाहेब?" मुक्ताबाईनं विचारलं.

"ह्यालाच बांधू. घोड्यासारखं आहे, वरातीत शोभेल."

पण मशीन ठरलं म्हणून काम झालं नव्हतं. हात ऐकायला तयार नव्हता. छबुबाई स्वतःला बजावून पाकीट धरायची, पहिली काही नीट जायची, आणि मन कुठं भरकटलं की मूठ पडलेली असायची. शेवटी मुक्ताबाईनं वजन केलं की लगेच परातीवर फडकं टाकायचं असं ठरलं. मग हात जायचा आणि फडक्यावर थांबायचा. पाकिटाच्या तोंडाची आतली बाजू कोरड्या चिंधीनं पुसायची, दोन बोटांनी ताणायची, आणि मग पाय.

नेमकं द्यायचं म्हणजे कमी द्यायचं, असं तिला पहिले दिवस वाटत राहिलं. पुण्यातल्या कुठल्यातरी घरात कुणीतरी पाकीट उघडेल, आणि वर चार बोटं रिकामी दिसतील. त्या न पाहिलेल्या घरापुढं तिला ओशाळं वाटायचं. ती हे मुक्ताबाईला म्हणाली तेव्हा मुक्ताबाई म्हणाली, "त्या पहिल्या खोक्यात सांडलेली चटणी तरी कुणाच्या तोंडात पडली?" छबुबाईला ते पटलं, तरी ओशाळं वाटायचं थांबलं नाही.

खोकं भरल्यावर ते थेट पुण्याला पाठवायला तिचा जीव धजेना. एकच खेप उरली होती. तिनं ते खोकं आधी सकाळच्या बीडच्या गाडीत नेऊन ठेवलं, मागच्या सीटखाली, जिथं हादरे सगळ्यात जास्त बसतात.

"कुठं उतरवायचं हे?" कंडक्टरनं विचारलं.

"कुठंच न्हाई. बीड बघून माघारी आणा."

कंडक्टरनं तिच्याकडं बघितलं, खोक्याकडं बघितलं. "त्यात काय हाय?"

"चटणी."

"बीडमधी तिचं कुणी हाय का?"

"परतीला तुमालाबी एक पाकीट देते," छबुबाई म्हणाली, आणि खोकं गेलं.

संध्याकाळी ते आलं तेव्हा सगळ्या बाया शेडमध्ये थांबल्या होत्या. छबुबाईनं दोरी सोडली. पाकिटं एकेक करून जमिनीवर मांडली. बंद. बंद. बंद. एकाच्या तोंडाशी ओल आली होती, आणि ओढलं तेव्हा ते सुटलं. त्याचं पोट इतरांपेक्षा फुगलेलं होतं.

"माजं हाय," छबुबाई म्हणाली.

मुक्ताबाईनं ते पाकीट उचलून कंडक्टरसाठी बाजूला ठेवलं. "त्याला उघडंच पायजे. लगेच खाईल." छबुबाईनं बाकीची पाकिटं पुन्हा दाबून दाबून बघितली आणि दुसऱ्या दिवशी नवं खोकं भरलं. भरताना तिनं बोलणं बंद ठेवलं आणि दुसऱ्या कुणाला शेडमध्ये बोलू दिलं नाही. खोकं पुण्याच्या गाडीत गेलं.

उत्तर यायच्या आधी दसरा आला. ट्रक वेशीत लागला. लोक पत्रे, भांडी, शेळ्या, कोंबड्या वर चढवायला लागले. धोंडीराम ओसरीवर कोयत्यांना चिंध्या गुंडाळत बसला होता. दोन कोयते, दोघांचे.

"पुण्याचं काय आलं?" त्यानं विचारलं.

"न्हाई आलं अजून."

"मग?"

छबुबाई उंबऱ्यावर बसली. तिला वाटलं होतं, उत्तर हातात असेल आणि ते दाखवून मागता येईल. आता मागायचं होतं ते तसंच मागायचं होतं. "मी ऱ्हाते," ती म्हणाली. "उत्तर न्हाई आलं तरी ऱ्हाते. मग काय व्हायचं ते हुईल."

"कावून? तिथं उत्तर आलं न्हाई, हितं पाणी न्हाई."

"मला हितला हिवाळा बघायचा हाय."

धोंडीराम हसेल असं तिला वाटलं. तो हसला नाही. त्यानं तिच्या मनगटाकडं बघितलं, मग दुसऱ्या कोयत्याची चिंधी सोडली आणि तो कोयता भिंतीला लावून ठेवला. "मोळी उचलून डोक्यावर द्यायला कुणी न्हाई आता," तो म्हणाला, तिला नव्हे, कोयत्याला म्हटल्यासारखं. ट्रकवर चढल्यावर त्यानं मागं वळून हात केला नाही. ट्रक दिसेनासा होईपर्यंत छबुबाई वेशीत उभी होती, आणि मग तिला जाणवलं की आपण गावाच्या या बाजूनं ट्रक जाताना कधी बघितलाच नव्हता.

उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं, वहिनीसाहेबांच्या फोनवर. पाकिटं शाबूत पोचली होती. दुकानदाराला अजून हवी होती, पण लहान आकाराची. मशीनची चकती पुन्हा जमवावी लागली. लहान पाकिटात तर मूठ मावतच नव्हती.

हिवाळा आला. तो म्हाताऱ्या बायकांनी सांगितलेला हिवाळा नव्हता. शिवारात ज्वारी उभी नव्हती, हुरडा नव्हता, गल्लीत निम्म्या घरांना कुलपं होती. आपलंही दार आपण वर्षानुवर्षं असंच बंद ठेवून जात होतो, आणि मागं राहिलेल्यांना हे दिसत होतं, हे तिला आता कळलं. काही सकाळी तिला वाटायचं, ज्यासाठी राहिलो ते इथं नाहीच. मग ती शेडमध्ये जायची, परातीवरचं फडकं काढायची आणि पायट्यावर पाय ठेवायची. मनगटाची कळ कमी झाली होती.

एका सकाळी मुक्ताबाईच्या फोनवर धोंडीरामचा फोन आला. तो फडातून बोलत होता. मागं उसाच्या पाल्याची सळसळ ऐकू येत होती.

"जेवती का नीट?"

"जेवते. तुमी?"

"जेवतो. सटवाच्या कोपीत ऱ्हातो. त्याची बायकू लई घोरती." मग त्यानं विचारलं, "थंडी हाय का गं तिकडं?"

"हाय."

"कशी हाय?"

छबुबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं की त्यानंही इथला हिवाळा कधी बघितला नव्हता. त्याचा जन्म या गावातला, तरी बापाच्या मागं लहानपणापासून तो फडातच वाढलेला. ती शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"थांबा, बघून सांगते," ती म्हणाली. "हितं सकाळी धूर वर जात न्हाई. चुली पेटल्या की धूर गल्लीतच ऱ्हातो, कंबरेएवढा. माणूस चालत आलं की नुसतं धडच येतंय असं दिसतं."

"खरं?"

"खरं. आत्ता मुक्ताबाई आली तशीच."

पलीकडं कुणीतरी हाक मारली, "ए अर्ध्या, मोळ्या कोण बांधणार बे?"

"आलो बे," धोंडीराम तिकडं ओरडला. मग फोनवर म्हणाला, "धुराचं सांगत होतीस. कुणाकुणाची चूल पेटती अजून?"